भाव पडला की यील्ड फुगतं: मंदीत लाभांशाचे आणि लांब पल्ल्याचे शेअर निवडताना

बाजार पडायला लागला की 'एफडीपेक्षा जास्त देणारे दहा शेअर' अशा याद्या फिरू लागतात. यादी खोटी नसते, पण तिच्यातला आकडा कसा तयार होतो ते आधी बघायला हवं. डिव्हिडंड यील्ड म्हणजे वर्षभराचा लाभांश भागिले आजचा भाव. कंपनीने एक पैसाही वाढवला नाही तरी भाव ४०० वरून २५० वर आला की १२ रुपयांच्या लाभांशाचं यील्ड ३ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर जातं. अंश गेल्या वर्षीचा आणि छेद आजचा, असा हा अपूर्णांक असतो. बाजाराने भाव पाडला तो बहुधा पुढच्या वर्षीच्या अंशाबद्दल शंका आली म्हणून. ती शंका खरी की खोटी, एवढंच आपल्याला शोधायचं आहे. बाकी सगळी आकडेमोड त्याच कामासाठी.

वेदांताचं उदाहरण बघा. २०२२-२३ या आर्थिक वर्षात कंपनीने पाच हप्त्यांत शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे लाभांश दिला. त्या मार्चअखेर भाव पावणेतीनशेच्या आसपास होता, म्हणजे यादीतलं यील्ड ३५ टक्क्यांच्या वर. पुढच्या वर्षी लाभांश आला २९ रुपये ५० पैसे. ३५ टक्के बघून घेणाऱ्याच्या हाती साधारण ११ टक्के पडले. तेही वाईट नाहीत, पण हिशेब करून बसलेल्याचा हिशेब चुकला. एवढा पैसा अचानक बाहेर पडतो तेव्हा तो धंद्याने कमावला म्हणून पडला, की मालक असलेल्या वरच्या कंपनीला कर्ज फेडायला हवा होता म्हणून, हे विचारायचं असतं.

दुसरा सापळा वर्तमानपत्राच्या मथळ्यात असतो: '७८५ टक्के लाभांश'. ही टक्केवारी दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरच्या कागदोपत्री मूळ किमतीवर असते, बाजारभावावर नाही. आयटीसीची दर्शनी किंमत १ रुपया, त्यामुळे २०२४-२५ चा ७ रुपये ८५ पैशांचा अंतिम लाभांश ७८५ टक्के होतो. आधीचा ६ रुपये ५० पैशांचा अंतरिम, म्हणजे वर्ष चालू असतानाच दिलेला, धरून वर्षाचे झाले १४ रुपये ३५ पैसे. भाव ४२० धरला तर यील्ड सव्वातीन ते साडेतीन टक्के. टक्के विसरा, रुपये लिहा.

पैसा कुठला लावताय

हे दोन परिच्छेदांत आटपतं, पण इथे चुकलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,२०० च्या वर जाऊन आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ८,००० च्या खाली गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा २१,००० ला टेकला, परत घसरला, आणि जुना उच्चांक ठामपणे मागे पडायला २०१३ ची दिवाळी उजाडली. याउलट जानेवारी २०२० मध्ये १२,४३० ला असलेला निफ्टी २४ मार्चला ७,५११ पर्यंत गेला आणि नोव्हेंबरात जुन्या पातळीवर परतही आला. एका पडझडीला जवळपास सहा वर्षं, दुसरीला दहा महिने. पुढची कुठल्या जातीची असेल ते आधी कळत नाही.

म्हणून पाच-सात वर्षांत लागणारा पैसा, म्हणजे मुलीची फी, फ्लॅटचं डाउन पेमेंट, सहा महिन्यांचा घरखर्च, यातला रुपयाही इथे आणू नका. आणि घरखर्च लाभांशावर चालवायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा: निफ्टीचं एकूण यील्ड बहुतेक वेळा एक ते दीड टक्क्याच्या आसपास असतं. लाभांशाचा पोर्टफोलिओ म्हणजे महिन्याचा पगार नव्हे. बहुतेक कंपन्या वर्षातून एकदा किंवा दोनदा देतात आणि अंतिम लाभांशाचे पैसे मे ते सप्टेंबर या काळात येतात.

पडलंय नेमकं काय

सगळा बाजार पडलाय, एक क्षेत्र पडलंय, की एकटी कंपनी? तिन्हींचं औषध वेगळं. शेअरचा वर्षभराचा आलेख निफ्टीच्या आणि त्या क्षेत्राच्या निर्देशांकाच्या शेजारी ठेवा. निफ्टी १५ टक्के खाली, क्षेत्र १८ आणि शेअर २० असेल तर वादळात सगळीच झाडं वाकली आहेत. निफ्टी १५ आणि शेअर ५५ असेल तर त्याचं कारण कंपनीच्या आत आहे. ते सापडेपर्यंत हात लावू नका. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर 'अनाउन्समेंट्स'मध्ये गेल्या सहा महिन्यांचं सगळं वाचा. मुदत संपायच्या आत ऑडिटरचा राजीनामा, सीएफओने, म्हणजे वित्तप्रमुखाने, 'वैयक्तिक कारणास्तव' सोडणं, पतमानांकन खाली येणं, निकालाची तारीख पुढे ढकलणं: यातलं एक असेल तर वही बंद. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होता. तो २०० ला 'स्वस्त' होता, १०० ला 'स्वस्त' होता, ५० ला 'स्वस्त' होता. ५ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या भागधारकांच्या हाती तर शेवटी शून्य आलं.

दहा वर्षांचा तक्ता

वहीत किंवा एक्सेलमध्ये प्रत्येक कंपनीसाठी दहा ओळी, वर्षाला एक. रकाने सहा: शेअरमागे कमाई म्हणजे ईपीएस, नेहमीचा लाभांश, विशेष म्हणजे एकदाच दिलेला लाभांश, पेआउट म्हणजे कमाईतला वाटलेला हिस्सा, बायबॅक म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं, आणि शेरा. आकडे वार्षिक अहवालात किंवा एक्स्चेंजच्या 'कॉर्पोरेट अ‍ॅक्शन्स'मध्ये मिळतात. तयार यादी देणाऱ्या ॲपवरून उतरवू नका, कारण विशेष लाभांश वेगळा काढायचं काम ती बहुधा करत नाहीत.

ते का महत्त्वाचं, हे टीसीएसच्या तीन वर्षांत स्वच्छ दिसतं. एकूण लाभांश: २०२२-२३ ला ११५ रुपये, २०२३-२४ ला ७३, २०२४-२५ ला १२६. नुसतं बघणाऱ्याला वाटेल की मधल्या वर्षी कंपनी अडचणीत आली होती. आता विशेष लाभांश बाजूला काढा. पहिल्या वर्षी ६७ रुपये विशेष होता, दुसऱ्या वर्षी १८, तिसऱ्या वर्षी ६६. उरलेला नेहमीचा लाभांश ४८, ५५, ६०. ही ओळ सरळ वर जाते. यील्ड या ६० वरून काढायचं, १२६ वरून नाही. विशेष लाभांश आला तर गोड, नाही आला तर तक्रार नाही, अशा हिशेबाने चालायचं. तिसऱ्या वर्षीचा ईपीएस १३४ च्या आसपास होता, म्हणजे विशेष धरून ९४ टक्के कमाई वाटली गेली. सॉफ्टवेअरच्या धंद्याला कारखाने उभारायचे नसतात म्हणून हे झेपतं. पण याची दुसरी बाजूही आहे: एवढं वाटणाऱ्या कंपनीला पैसा गुंतवण्याजोगं नवं काम आत फारसं सापडत नाही. तिच्याकडून झपाट्याच्या वाढीची अपेक्षा ठेवू नये.

तक्ता भरताना तीन ठिकाणी पाय घसरतो. स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) आणि बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर): टाटा स्टीलने २०२१-२२ साठी ५१ रुपये दिले आणि पुढच्या वर्षी ३ रुपये ६० पैसे. पण मधे, जुलै २०२२ मध्ये, १० रुपयांचा एक शेअर १ रुपयाच्या दहा शेअरांत विभागला गेला होता, म्हणजे तुलना ५१ आणि ३६ यांची. बायबॅक: आकुर्डीच्या बजाज ऑटोने २०२२-२३ ला १४० रुपये दिले आणि २०२३-२४ ला ८०, पण त्या दुसऱ्या वर्षी १०,००० रुपये भावाने ४,००० कोटींचा बायबॅकही केला. पैसा बाहेर गेलाच, फक्त दुसऱ्या दाराने. पुढच्या वर्षी लाभांश २१० रुपये झाला. आणि तिसरं, कोणत्या वर्षाचा लाभांश ते. अंतिम लाभांश वर्ष संपल्यावर जाहीर होतो, वार्षिक सभेत मंजूर होतो आणि नंतर खात्यात येतो. पैसे आले त्या वर्षात तो लिहिला तर पेआउट दोन्ही वर्षांचं चुकतं.

दहा ओळी भरल्यावर मंदीच्या वर्षांकडे बघा. २०१९-२० आणि २०२०-२१ मध्ये कंपनीने काय केलं? लाभांश टिकवला, कापला, की कर्ज काढून दिला? शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्याने सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे लाभांशाचं धोरण जाहीर करावं लागतं. दोन-तीन पानी कागद असतो, बराचसा मोघम. पण काही धोरणांत 'नफ्याच्या अमुक टक्के' असा स्पष्ट आकडा असतो. तो असेल तर शेऱ्यात उतरवा.

नफा नाही, रोकड

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. कायद्याने लाभांश नफ्यातून किंवा साठलेल्या राखीव निधीतून देता येतो, पण बँकेतून जाते ती रोकड. आणि मंदीत नफा व रोकड यांची फारकत सगळ्यात जास्त होते, कारण गिऱ्हाईक माल उचलतं आणि पैसे लांबवतं.

वार्षिक अहवालात एकत्रित, म्हणजे कन्सॉलिडेटेड, कॅश फ्लो स्टेटमेंट उघडा. तीन आकडे हवेत: धंद्यातून आलेली निव्वळ रोकड, यंत्रं-इमारतींवर झालेला खर्च, आणि वाटलेला लाभांश. समजा एका कंपनीचा नफा ४०० कोटी आणि लाभांश २०० कोटी आहे. पेआउट ५० टक्के, कागदावर एकदम सुरक्षित. आता कॅश फ्लो: धंद्यातून रोकड आली २५० कोटी, कारण १५० कोटी गिऱ्हाइकांकडे आणि गोदामात अडकले. यंत्रसामग्रीवर गेले १८०. उरले ७०. लाभांश दिला २००. म्हणजे १३० कोटी एकतर जुन्या शिलकीतून गेले किंवा बँकेकडून आले. अंथरूण ७० चं आणि पाय २०० चे. एखाद्या वर्षी असं झालं तर कारण वाचा. कारखाना उभा राहत असेल तर चालतं. पण पाच वर्षांची बेरीज घेतली आणि उरलेल्या रोकडीपेक्षा वाटलेला लाभांश जास्त निघाला, तर तो लाभांश नसून कर्जाचा हप्ता तुमच्या खात्यात येतोय असं समजा.

एका वर्षाच्या आकड्यावर निकाल देऊ नका. पाच वर्षांची धंद्यातली रोकड आणि पाच वर्षांचा नफा, दोन्हींच्या बेरजा शेजारी ठेवा. रोकड नफ्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक. ५०-६० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, बघा: विक्री १० टक्के वाढली आणि येणी ४० टक्के वाढली, तर विक्री खरी आहे का इथपासून शंका घ्यायला जागा आहे. सहा महिन्यांपेक्षा जुनी येणी किती, हे ताळेबंदाच्या टिपांमध्ये वयोगटाप्रमाणे दिलेलं असतं.

कर्जाचं मोजमाप सोपं ठेवा. व्याज आणि कर यांच्या आधीचा नफा व्याजाच्या किती पट? लाभांशासाठी घ्यायच्या कंपनीत हा आकडा किमान पाच हवा. मंदीत नफा निम्मा झाला तरी अडीच उरतात. तीनपासून सुरुवात केली तर दीडवर येऊन ठेपता, आणि तिथे लाभांश सगळ्यात आधी कापला जातो, कारण बँकेचा हप्ता चुकवता येत नाही आणि लाभांश चुकवता येतो. तिमाही भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांनी तारण ठेवलेले शेअर बघा. तिमाही संपल्यावर २१ दिवसांत हा तक्ता एक्स्चेंजवर येतो. प्रवर्तकांच्या हिश्शापैकी १०-१५ टक्क्यांच्या वर तारण असेल तर पडत्या बाजारात तो शेअर सोडून द्या. भाव पडला की सावकार जादा तारण मागतो, ते नाही मिळालं की शेअर विकतो, आणि भाव आणखी पडतो. कंपनी कितीही चांगली असली तरी या चक्राला तिच्याकडे उत्तर नसतं.

धंदा बदलला की कसोटी बदलते

बँका आणि वित्त कंपन्यांना वरचं कॅश फ्लोचं गणित लागू होत नाही. तिथे निव्वळ एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, आणि भांडवल पर्याप्तता, म्हणजे दिलेल्या कर्जांच्या जोखमीला स्वतःचं भांडवल पुरेसं आहे का, हे बघतात. शिवाय त्यांच्या लाभांशावर रिझर्व्ह बँकेचा हात असतो. एप्रिल २०२० मध्ये तिने बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून आणखी लाभांश द्यायला मनाई केली. नफ्यात असलेल्या, भक्कम बँकांनाही. फक्त बँकांच्या लाभांशावर ज्यांचा हिशेब बसला होता त्यांचं ते वर्ष कोरडं गेलं.

सरकारी कंपन्यांना केंद्राच्या नियमाप्रमाणे नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) ४ टक्के, यातलं जे जास्त ते, किमान वाटावं लागतं. सरकारला पैसा हवा असतो, म्हणून लाभांश येत राहतो. पण मालकाची इच्छा तुमच्याविरुद्धही जाऊ शकते. २०२२ मध्ये कच्चं तेल भडकलं आणि पंपावरचे दर मात्र थोपवून धरले गेले. हिंदुस्थान पेट्रोलियमने २०२१-२२ ला १४ रुपये दिले होते. २०२२-२३ ला सुमारे ७,००० कोटींचा तोटा आणि लाभांश शून्य. पुढच्या वर्षी सुमारे १६,००० कोटींचा नफा. अशा कंपन्या घ्याव्यात, पण घरखर्चाच्या हिशेबात धरू नयेत.

कोल इंडिया दोन्ही बाजू दाखवतो. २०१० च्या आयपीओत २४५ रुपयांना मिळालेला शेअर ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२० मध्ये ११० ते १२० च्या पट्ट्यात होता. दहा वर्षं लाभांश खाल्ला तरी मुद्दल निम्मं दिसत होतं. त्याच वेळी ११५ ला घेणाऱ्याला त्या वर्षाचे १६ रुपये मिळाले, म्हणजे जवळपास १४ टक्के, आणि २०२३-२४ चा लाभांश साडेपंचवीस रुपये होता. कंपनी तीच, फरक भावाचा. वीज कंपन्यांकडे येणी थकली होती, कोळशाला भविष्य नाही असं सगळे म्हणत होते. पण डोक्यावर कर्ज नगण्य होतं आणि देशातली बहुतेक वीज कोळशावरच बनत होती.

धातू, सिमेंट, रसायनं यांसारख्या चढउताराच्या धंद्यात पीई, म्हणजे भाव भागिले ईपीएस, उलटा वाचावा लागतो. मार्च २०२२ मध्ये टाटा स्टीलचा पीई चारच्या आसपास होता. स्वस्त? नफा सुमारे ४१,७०० कोटींवर होता; पुढच्या वर्षी तो सुमारे ८,१०० कोटींवर आला. चांगल्या वर्षाच्या नफ्याने भागल्यामुळे पीई बुटका दिसत होता. अशा धंद्यात सात वर्षांच्या ईपीएसची सरासरी काढा आणि त्या सरासरीने भाव भागा. जाता जाता: निफ्टीचा पीई २००८ किंवा २०१५ च्या पीईशी ताडून 'आता बाजार स्वस्त' म्हणणारे भेटतील. एप्रिल २०२१ पासून एनएसई हा आकडा एकत्रित नफ्यावर काढतं, त्याआधी तो एकट्या कंपनीच्या नफ्यावर निघत असे. दोन्ही आकडे एका मापाचे नाहीत.

लाभांश कमी, पल्ला लांब

फक्त यील्ड बघत बसलं की चांगल्या कंपन्या यादीतूनच गळतात. भांडवलावर २० टक्के कमावणारी कंपनी ४० टक्के वाटते आणि ६० टक्के परत धंद्यात घालते. हे जमत राहिलं तर नफा वर्षाला १२ टक्क्यांनी वाढतो. आज तिचं यील्ड २ टक्के असेल तर दहा वर्षांनी तुमच्या खरेदी किमतीवर ते ६.२ टक्के होतं. शेजारी न वाढणारी ६ टक्क्यांची कंपनी ठेवा. दहा वर्षांत शंभर रुपयांमागे पहिलीने ३५ रुपये दिले, दुसरीने ६०. नुसत्या लाभांशात दुसरी पुढेच आहे, हे मान्य करायला हवं. पण पहिलीचा नफा तिप्पट झालाय, भाव त्याच्या मागे जाणार. निवृत्त माणसाने दुसरीकडे झुकावं, चाळिशीच्या आतल्याने पहिलीकडे.

मंदी ही पहिल्या जातीच्या कंपन्या घ्यायची वेळ, कारण एरवी त्या वाजवी भावात सापडत नाहीत. त्यांच्यात बघायचं ते एवढंच: गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा, म्हणजे आरओसीई, दहापैकी आठ वर्षं १५ टक्क्यांच्या वर होता का, आणि स्पर्धक मोडकळीला आले असताना हिची विक्री टिकली का.

किती भावाला, किती घ्यायचं

उलटं गणित करा. तक्त्यातला नेहमीचा लाभांश घ्या, त्यातून मंदीची कपात म्हणून तिसरा हिस्सा वजा करा. १५ रुपये असेल तर १० धरा. तुम्हाला ४ टक्के हवे असतील तर दहा भागिले ०.०४, म्हणजे २५०. हा तुमचा भाव. बाजारात ३१० चालू असेल तर थांबा. सगळ्या कंपन्यांचे असे भाव बाजार शांत असताना काढून ठेवावेत. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात सुमारे १३ टक्के पडला आणि मधे पाऊण तास व्यवहार थांबले. अशा दिवशी कॅल्क्युलेटर हातात धरवत नाही.

तीन लाख लावायचे असतील तर बारा कंपन्या, एकीत जास्तीत जास्त २५,०००, आणि एका क्षेत्रात तीनच्या वर नाहीत. प्रत्येकीचे चार हप्ते करा. पहिला हप्ता ठरलेला भाव आला की. दुसरा पुढचे तिमाही निकाल वाचल्यावरच, भाव काहीही असो. तिसरा भाव पहिल्या खरेदीच्या १५ टक्के खाली गेला आणि निकालात रोकड व कर्ज जागेवर असेल तर. चौथा हातात ठेवा, वर्षभर. 'पडला की ॲव्हरेज करायचं' या सवयीने जितके पोर्टफोलिओ बुडाले तितके चुकीच्या निवडीने बुडाले नसतील: कोणतीही नवी माहिती न वाचता घेतलेला दुसरा हप्ता म्हणजे पहिल्या चुकीवर दुप्पट पैसे. ऑर्डर लिमिटचीच टाका, म्हणजे आपण ठरवलेल्या भावापेक्षा जास्त न देणारी. कमी उलाढालीच्या शेअरमध्ये घबराटीच्या दिवशी मार्केट ऑर्डर दोन-तीन टक्के वर सहज खेचली जाते, म्हणजे अर्ध्या वर्षाचा लाभांश घेताक्षणीच गेला.

एक्स-डेट आणि कर

व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरे होत असल्याने आता एक्स-डेट (या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) आणि रेकॉर्ड डेट (या दिवशी भागधारकांच्या यादीत असलेल्यांना लाभांश मिळतो) बहुधा एकच असते. लाभांश हवा तर आदल्या कामकाजाच्या दिवशीपर्यंत शेअर घेतलेला हवा. पण नुसत्या लाभांशासाठी आदल्या दिवशी घेणं आतबट्ट्याचं आहे. ४०० च्या शेअरवर २० रुपये लाभांश असेल तर एक्स-डेटला भाव ३८० च्या आसपास उघडतो. हाती आलेले २० तुमच्या उत्पन्नात धरले जातात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह ६ रुपये २४ पैसे कर. शेअर ३८० ला विकून झालेला २० चा तोटा भांडवली असतो, तो लाभांशातून वजा होत नाही. एकूण सव्वासहा रुपये गेले, वर दलाली.

एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या हातात करपात्र आहे. वरच्या टप्प्यातल्या माणसाला ५ टक्के यील्डमधून ३.४४ टक्केच उरतात, म्हणून एफडीशी तुलना करायची तर दोन्हीकडे करानंतरचा आकडा घ्या. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांच्या वर लाभांश असेल तर ती १० टक्के कर कापून देते. उत्पन्न करपात्र नसेल तर त्याआधीच स्वघोषणा कंपनीच्या आरटीएकडे, म्हणजे भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, पाठवा. ईमेलमधल्या लिंकची मुदत बऱ्याचदा आठ-दहा दिवसांचीच असते. अनिवासींचे २० टक्के आणि वर अधिभार-उपकर कापले जातात, पण राहत्या देशाशी करार असेल आणि तिथलं कर-रहिवास प्रमाणपत्र वेळेत पोचलं तर कराराचा दर लागतो. दुबई-अबुधाबीत राहणाऱ्यांसाठी तो १० टक्के आहे.

पडत्या बाजारात करातून एक फायदा मात्र होतो. पोर्टफोलिओतले फसलेले शेअर विकून तोटा नोंदवता येतो. वर्षाच्या आतला तोटा कुठल्याही भांडवली नफ्यातून वजा होतो, वर्षाबाहेरचा फक्त दीर्घकालीन नफ्यातून; उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं.

विकायचं कधी

भाव पडला हे विकायचं कारण नाही, भाव चढला हेही नाही. दोन तिमाही धंद्यातली रोकड आटली आणि कर्ज वाढलं, प्रवर्तकांचं तारण वाढलं, किंवा कारण न सांगता नेहमीचा लाभांश कापला, तर विका. कारखान्यासाठी कापला असेल आणि कंपनीने तसं निकालानंतरच्या चर्चेत सांगितलं असेल तर थांबायला हरकत नाही. या चर्चेचं टिपण एक्स्चेंजवर असतं, अर्ध्या तासात वाचून होतं.

घेतल्यावर एक काम राहतंच. डिमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, ते तपासा. बँक बदलली, शाखांचं विलीनीकरण होऊन आयएफएससी बदलला, की लाभांश परत जातो आणि कंपनीच्या 'अनपेड डिव्हिडंड' खात्यात पडून राहतो. सात वर्षं लागोपाठ उचलला नाही तर लाभांश आणि सोबत ते शेअरही केंद्राच्या आयईपीएफ निधीकडे जातात. मग आयईपीएफ-५ अर्ज, कंपनीची पडताळणी, वारसाचे कागद, आणि महिनोन्‌महिने वाट. वडिलांच्या नावाचे जुने कागदी शेअर कपाटात असतील तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर न उचललेल्या लाभांशाची यादी असते. आधी त्यात नाव शोधा.